रागावलीस तेव्हा शुगर किती होती?

प्रिय बाळा,

तुझं पत्र परवा मिळालं. भावाने पुढे केलेला ज्यूसचा ग्लास तू भिरकावलास, "मला काही झालेलं नाही, माझ्या मागे लागू नकोस" असं ओरडलीस आणि अर्ध्या तासाने त्याच्याच शेजारी बसून रडलीस. शेवटी विचारलं आहेस, "मी मुळातच अशी आहे का?" त्या एका प्रश्नामुळे आज दुसरं काही हातात न घेता लिहायला बसले.

नाही, तू मुळात अशी नाहीस. तुला मधुमेह आहे आणि त्या वेळी मीटरवर रक्तातल्या साखरेचा आकडा ५२ होता, हे तूच लिहिलं आहेस.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला २० टक्के वाटा तो एकटा घेतो. त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज, आणि त्याच्याकडे स्वतःची शिल्लक जवळजवळ नसतेच. शुगर ७० च्या खाली घसरायला लागली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. घाबरल्यावर किंवा भांडताना नेमकं हेच होतं ना? मग मन त्या धडधडीला कारण शोधतं आणि समोर जो उभा असेल तोच कारण ठरतो. ५४ च्या खाली गेल्यावर मेंदूलाच कमी पडायला लागतं. नीट विचार करणं, स्वतःला आवरणं ही कामं तेव्हा ढेपाळतात. शब्द सापडत नाहीत, साधा हिशेब जमत नाही, माणूस हट्टाला पेटतो. आणि "मला काही झालेलं नाही" हे वाक्य तर मी स्वतः किती वेळा म्हटलंय! जो मेंदू उपाशी आहे, त्यालाच आपण विचारत असतो की बाबा, तू उपाशी आहेस का?

टाइप १ मधुमेह घेऊन, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नसल्याने ते बाहेरून घेत, जगायला लागून मला ३१ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळातली एक रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. मी स्वयंपाकघरात साखरेची बरणी हातात धरून उभी होते आणि झाकण कसं उघडायचं तेच मला सुचत नव्हतं. झाकणाच्या कडेच्या रेघा दिसत होत्या, बोटांना लागत होत्या, पण पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. नवऱ्याने बरणी घ्यायला हात पुढे केला, तर मी तो झिडकारला. कशीबशी त्याने साखर पाजली. थोड्या वेळाने तेच झाकण मी एका पिळात उघडलं. तेव्हापासून उशाशी ग्लुकोजच्या गोळ्या असतात, त्याही पाकीट आधीच फोडून ठेवलेल्या.

शुगर वर असताना मूड वेगळ्या वाटेने जातो. २५०–३०० वर तास न् तास राहिली की डोकं जड होतं, तहान भागत नाही, बाथरूमच्या फेऱ्यांनी झोपमोड होते, कशात लक्ष लागत नाही. हे हळूहळू चढत जातं, म्हणून कुणी त्याला शुगर म्हणत नाही, आळस म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कित्येक मुलं हा शिक्का खरा मानून बसतात.

प्रत्येकाची खूण निराळी असते, तुझी तुलाच शोधावी लागेल. दोन-तीन आठवडे एक कर. बोट टोचायच्या आधी वहीत मनःस्थितीचा एकच शब्द लिही, आकड्याचा अंदाज लिही आणि मग खरा आकडा. माझी खूण अशीच सापडली. शुगर लो, म्हणजे कमी, व्हायला लागली की थरथरण्याच्या आधी मला भांड्यांचा आवाज सहन होत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुझा प्रत्येक राग शुगरचा नसतो. १२० वर असताना तुला राग आला, तर तो तुझा आहे आणि त्याला कारण असू शकतं. घरच्यांनी दर वेळी "आधी शुगर बघ" म्हणून तुझं बोलणं मोडून काढलं, तर ते मान्य करू नकोस. उलटंही तितकंच खरं आहे. "शुगर लो होती" म्हटल्याने असं का झालं ते कळतं, पण भावाची माफी वेगळी मागायची. मनावरच्या ताणानेही शुगर चढते, म्हणून कशामुळे काय झालं हे दर वेळी ठरवता येणार नाही. वाद पेटला की टोचून बघ. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर घे, म्हणजे पाण्यात तीन-चार छोटे चमचे किंवा तेवढ्या ग्लुकोजच्या गोळ्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा बघ. आकडा वर आला तरी डोकं ताळ्यावर यायला आणखी वेळ जातो, तोवर गाडी चालवू नकोस आणि भांडण पुन्हा सुरू करू नकोस. तासाभरानेही मुद्दा मनात राहिला असेल तर जरूर बोल.

दोन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच. शुगर वारंवार लो झाली की थरथर, घाम या खुणा बोथट होत जातात. ५० ला काहीच जाणवलं नाही तर इन्सुलिनचा डोस बदलावा लागेल. काही आठवडे लो होणं टाळलं की बऱ्याच जणांच्या खुणा परत येतात. आणि आकडे चांगले असूनही दोन आठवडे मन उदास राहिलं, तर ते शुगरच्या खात्यात टाकू नकोस. मधुमेह असलेल्यांना नैराश्य जास्त गाठतं आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

भावालाही सांग. एकदाच, हळू आवाजात विचारायचं, ग्लास हाताशी ठेवायचा आणि वाद घालायचा नाही. तू बेशुद्ध झालीस तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉन, म्हणजे शुगर झटकन वाढवणारं औषध, घरात असेल तर ते द्यायचं आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची.

"शुगर बघितलीस का?" हे वाक्य त्या क्षणी कानाला फार टोचतं, म्हणून शांत असताना दोघं मिळून एखादा वेगळा शब्द ठरवा. आमच्याकडे तो शब्द 'झाकण' आहे. नवरा तेवढंच म्हणतो आणि मी काही न बोलता मीटर काढते. तुमचा शब्द कोणता ठरला ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
ताई