कुठल्या तारखेची एमजीबी?

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीसाठी इंग्लंडात कोव्हेन्ट्रीला असतो. गेल्या वर्षी इथे १९६५ च्या सुरुवातीची एक एमजीबी, म्हणजे एमजीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेतली. चालू आहे, पत्रा बराच गंजलाय, इंजिन पाच बेअरिंगचं, दाराची हँडल्स ओढायची आहेत. मला ती फॅक्टरी रेसिंग स्पेकमध्ये, म्हणजे कंपनी स्वतः रेससाठी बांधायची तशी करायचीय, १९६३ ला फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसमध्ये लांब नाकाची एमजीबी पळाली होती ना, तशी. ४५ चा वेबर कारबुरेटर मिळालाय, मिनीलाइट व्हील्स बघून ठेवलीत, मागे टेलिस्कोपिक शॉकॲब्जॉर्बर टाकीन म्हणतो. पुढे हिस्टॉरिक रेसमध्ये पण उतरवायचीय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अरे बाबा, तुझ्या चार ओळींत चार गाड्या झाल्या. नाक १९६३ चं, इंजिन १९६५ चं, व्हील्स त्याच्याही नंतरची आणि मागचे टेलिस्कोपिक शॉक तर फॅक्टरीने एमजीबीला कधी दिलेच नाहीत. सुरुवात स्पॅनर घेऊन नको करूस, कॅलेंडर घेऊन कर.

फॅक्टरी स्पेक म्हटलं की लोकांना वाटतं कुठेतरी एक यादी असेल, ती मिळाली की काम झालं. पण एमजीची मालक कंपनी बीएमसी, तिचं अ‍ॅबिंग्डनचं कॉम्पिटिशन डिपार्टमेंट तसं चालायचंच नाही, समोर जी रेस किंवा रॅली असेल तिच्यापुरती गाडी बांधायची आणि ती संपली की परत उघडायची. तुझी ती ल माँची गाडीच घे, नंबर ७ डीबीएल. जून १९६३ ला पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचिसन यांनी चालवली, सुरुवातीलाच हचिसनने मुल्सानच्या वळणावर वाळूत घातली, जवळजवळ दीड तास उकरत बसला, आणि तरी गडी शेवटी १२ वा आला आणि २ लिटरचा क्लास पण मारला! तीच गाडी जानेवारी १९६४ ला मॉन्टे कार्लो रॅलीत मोर्ली बंधूंनी जीटी गटात पहिली आणली, तेव्हा ते लांब नाक नव्हतं. सात महिन्यांत एकाच नंबरप्लेटखाली दोन वेगळे स्पेक, आता यातलं फॅक्टरीचं खरं कुठलं सांग? दोन्ही खरे, आपापल्या तारखेला.

म्हणून तुझ्या गाडीत जे मुळात आहे तिथूनच तारीख धर. पाच बेअरिंगचं इंजिन आलं १९६४ च्या ऑक्टोबरात, त्याच्या आधी तीन बेअरिंगचं होतं. म्हणजे १९६३ ची गाडी करायची तर तुला चांगलं मूळ इंजिन काढून दुसरं शोधावं लागेल, हे मला तरी पटत नाही. १९६५ ची कर ना, त्या वर्षी पण एमजीबी ल माँला होतीच, हॉपकर्क आणि अँड्र्यू हेजेस, ११ वे आले.

आता एकेक. वेबर ठीक आहे, दोन एसयू कारबुरेटर काढून एक ४५ डीसीओई लावायचा हे तेव्हाचंच आहे, फक्त तो इटलीतला जुना बोलोन्याचा आहे की नंतरचा स्पेनचा हे अंगावरच्या अक्षरांवरून बघ, जाणकार माणूस बोनेट उघडल्या उघडल्या तिथेच बघतो. मिनीलाइट विकून टाक, तारांची व्हील्स लाव, क्रोम नको, रंगवलेली. टायर पण जुन्या पॅटर्नचेच, डनलॉप अजून रेसिंगसाठी बनवते. मागचे शॉक आर्मस्ट्राँगचे लिव्हरवाले आहेत तेच ठेव, लोक त्यांना नावं ठेवतात कारण साठ वर्षांत कोणी उघडून बघितलेले नसतात, नीट रिबिल्ड करून जाड तेल घातलं की मस्त चालतात. गिअरबॉक्स तपास, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता पडायची सोय) असेल तर तो १९६७ नंतरचा आहे, कोणीतरी मध्ये बदललाय. मागचा अ‍ॅक्सल बॅन्जोवालाच (मधोमध गोल फुगीर घराचा) हवा. वायरिंगला बॉडीला प्लस, डायनामो, आणि सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, यातलं बहुतेक गाड्यांत कोणी ना कोणी बदललेलं असतंच.

पत्र्याचं मात्र सावकाश घे. डिपार्टमेंटच्या गाड्यांची दारं, पुढचे मडगार्ड, डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं करायचे, बोनेट तर तेव्हाच्या साध्या एमजीबीचं पण अ‍ॅल्युमिनियमचंच असायचं. तुझ्या बोनेटला चुंबक लावून बघ, चिकटला तर ते नंतरचं आहे. बॉडी अगदीच गेली असेल तर जुन्या डाय वापरून बनवलेली नवी बॉडीशेल १९८८ पासून मिळते, पण ती घेतलीस की गाडीचा मूळ देह गेला, त्यामुळे जेवढा जुना पत्रा वाचेल तेवढा वाचव, एवढंच म्हणीन.

आणि इंजिन उघडशील तेव्हा ऑइल चेंबरमध्ये बॅफल, म्हणजे तेल एका बाजूला पळू न देणारे आडवे पत्रे, पाहिजेतच. १९६३ ला अमेरिकेत सेब्रिंगच्या १२ तासांच्या रेसमध्ये दोन एमजीबी उतरवल्या होत्या, लांबलचक वळणांवर तेल एका बाजूला जायचं, पंप हवा ओढायचा, बेअरिंग खलास, दोन्ही घरी. फॅक्टरी जे चूक करून शिकली ते तू परत पैसे देऊन शिकू नको.

हिस्टॉरिक रेसमध्ये उतरायला फिआचा (मोटर रेसिंगची जागतिक संस्था) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो, तुझी गाडी पीरियड एफ मध्ये बसते, १९६२ ते १९६५. तिथे नियम साधा आहे, जे लावलंय ते त्या काळात त्या मॉडेलला होतं याचा पुरावा दाखवा. पुरावा म्हणजे होमोलोगेशनचा कागद (त्या मॉडेलला रेससाठी मान्य केलेल्या पार्टची नोंद), त्या वेळचे फोटो वगैरे, 'सगळे लावतात' हा पुरावा नाही. रोल केज, हार्नेस, आग विझवायची सिस्टिम या सेफ्टीच्या गोष्टी नव्या चालतात, लागतातच, त्यासाठी जीव जाळू नको. पण हा पासपोर्ट गाडीचा इतिहास खरा आहे असं सांगत नाही, स्पेक बरोबर आहे एवढंच सांगतो. त्यामुळे तुझी गाडी वर्क्स (फॅक्टरीच्या रेसिंग) स्पेकची होईल, फॅक्टरीने स्वतः पळवलेली वर्क्स गाडी होणार नाही, आणि विकताना ते लिहून दे. डीबीएल छाप नंबरप्लेट लावून मिरवणारे बघितलेत, हसू येतं. डीबीएल हा तेव्हाच्या बर्कशायरचा नंबर, अ‍ॅबिंग्डन तेव्हा बर्कशायरमध्ये होतं.

पहिलं काम या शनिवारी कर. गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम तुझ्यापासून फार लांब नाही, तिथून हेरिटेज सर्टिफिकेट माग, गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, इंजिन नंबर काय हे फॅक्टरीच्या रजिस्टरमधून येतं. आणि काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून खोक्यात ठेव, भंगारात देऊ नको.

प्रश्न : आमच्या घरी कोल्हापुरात आजोबांची १९६८ ची फियाट ११०० आहे. तिचं पण असं रेसिंग स्पेक करता येईल का? उद्यमनगरात सगळं टर्न करून मिळतं. आणि व्हिंटेजची 'व्हीए' नंबरप्लेट पण घ्यायचीय.

उत्तर : उद्यमनगरात बुशपासून फ्लायव्हीलपर्यंत सगळं होईल हो, लेथवाल्यांबद्दल शंकाच नाही. पण ताई, दोन्ही एकदम नाही जमायचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली चालत नाही. नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, मग रिन्यूअलला ५,०००. नंबर मिळाला तरी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटी पळायच्या हे खरंय, पण त्या ज्याच्या त्याने आपापल्या गॅरेजमध्ये ट्यून केलेल्या, एमजीबीसारखं एखाद्या खात्याचं स्पेक समोर ठेवून नव्हे. आजोबांनी ती जशी चालवली तशी करा, त्यांच्या वेळचा रंग दाराच्या आतल्या पट्टीखाली अजून सापडेल.