ओबरअमरगाऊचं येशूचं नाटक पावणेचारशेहून जास्त वर्षं जसंच्या तसं होतंय का?

नाही, जुना आहे तो नवस. नाटक बरंच बदललंय. १६३३ च्या प्लेगमध्ये जर्मनीच्या बव्हेरियातल्या या गावाने साकडं घातलं, की साथ टळू दे, दर दहा वर्षांनी येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक करू. पहिला प्रयोग १६३४ चा. संहिता पुढे अनेकदा नव्याने लिहिली गेली, पण खरी साफसफाई ख्रिस्तियान श्ट्युकल यांनी दिग्दर्शन हाती घेतल्यानंतरची. ज्यूंवर सरसकट दोष ढकलणारे संवाद गेले, येशू ठळकपणे ज्यू दिसू लागला, हिब्रू प्रार्थना आली. विवाहित किंवा पस्तिशी ओलांडलेल्या बायकांवरची नाटकात काम करण्याची बंदी १९९० मध्ये कोर्टामुळे उठली. २०२० चा प्रयोग करोनामुळे २०२२ ला झाला (साथीचा नवस साथीनेच लांबवला!) आणि त्यात यहूदा (येशूला दगा देणारा शिष्य) झाला होता एक मुस्लिम तरुण.

मात्र सगळंच सैल झालेलं नाही. भूमिका हवी तर जन्म गावातला हवा किंवा वीस वर्षांचं वास्तव्य. शिवाय आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) केस-दाढीला कात्री नाही. रोमन सैनिक तेवढे सुटतात.