कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला थोडंसं लावलं तर चालतं का?

नाही चालत. थोडंसंही नाही, अर्ध्याचं अर्धं करूनही नाही. तुम्ही लिहिलंय की मांजर चार महिन्यांची आहे, अंगावर पिसवा दिसतात, घरात कुत्र्याची ट्यूब पडून आहे आणि दुकानदार म्हणाला, "थोडी लावा, काही होत नाही." नेमकं हेच वाक्य आमच्याही घरी बोललं गेलं होतं, म्हणून हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

चिपळूणजवळ आमचं जुनं घर आहे. पुढे पडवी, मागे लाकडांची खोप. चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमची ठकी पडवीत गोणपाटावर व्याली, तीन पिल्लं. आठवड्याभरात ती सारखी मान खाजवायला लागली. मी तिला उवांच्या बारीक फणीने विंचरलं आणि फणीतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. मिरपुडीसारखे कण, पण दोन मिनिटांत प्रत्येक कणाच्या कडेने तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. नुसती धूळ असती तर रंग सुटला नसता. शंका असेल तर तुम्हीही असंच बघा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघाले होते आणि धाकटे दीर बाजारात. मी म्हटलं, "भाऊजी, येताना पिसवांचं औषध आणाल का?" संध्याकाळी घरी आले तर ते म्हणाले, "वहिनी, काम झालं. कुत्र्याचं होतं, म्हणून अर्धीच ट्यूब लावली." मी पाकीटही बघितलं नाही.

रात्री नऊच्या सुमाराला ठकीचे कान फडफडायला लागले, माशी बसावी तसे. मग पाठीची कातडी आपोआप लहरायला लागली. ती उठून पिल्लांकडे जायला लागली तर मागचे पाय काठीसारखे ताठ झाले आणि ती आडवी पडली. सगळं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ. भाऊजी म्हणाले, "पावसाने थंडी भरलीय, चुलीपुढे ठेवा." मी पाकीट दिव्याखाली धरलं. मागच्या बाजूला, कुत्र्याच्या वजनाच्या तक्त्याखाली मोहरीएवढ्या अक्षरांत 'परमेथ्रिन' आणि शेजारी मांजराचं चित्र, त्यावर आडवी रेघ.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी भांडी घासायच्या लिक्विडने धुऊन काढा, नुसत्या पाण्याने ते तेलकट औषध निघत नाही. पाणी कोमट घ्या आणि लगेच कोरडी करून गुंडाळा, कारण अंग गार पडलं तर हे विष आणखी चढतं. झटके जोरात असतील तर धुण्यातही वेळ घालवू नका, तशीच आणा. आम्ही धुतली, टॉवेलात गुंडाळली आणि भर पावसात रिक्षाने नेली. स्नायू सैल करणारं इंजेक्शन, सलाइन, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी तिने चमचाभर मासळीचं पाणी चाटलं. आईच्या अंगावरचं औषध पिल्लांच्या पोटात जाऊ नये म्हणून पिल्लं वेगळी ठेवली आणि डॉक्टरांनी दिलेली दुधाची पावडर ड्रॉपरने दर दोन-तीन तासांनी पाजली. तिन्ही जगली. मी तेव्हा चार रजा काढल्या आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

आता "अर्धीच लावली" याबद्दल. परमेथ्रिन हे शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलातल्या द्रव्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं कीटकनाशक आहे. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणाच फार तोकडी असते, त्यामुळे विष साचत जातं आणि नसांवर चढतं. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तेही याच दुबळेपणामुळे. कुत्र्याच्या ट्यूबमध्ये परमेथ्रिन 45-50 टक्के असू शकतं. साडेचार किलोच्या मांजराला त्यातलं 1 मिली जिवावर बेतू शकतं. ठकी जेमतेम तीन किलोची. म्हणजे अर्धी ट्यूब हा काही जपून दिलेला डोस नव्हता, भाऊजी. ते अजून दर गणपतीला आले की "थंडीच भरली होती" म्हणतात, आणि "तुम्ही कुठे मांजराचं म्हणालात?" असंही. दुसरं मान्य, मी म्हणाले नव्हते. पण थंडीने कातडी लहरत नाही, आणि थंडी भांडी घासायच्या साबणाने उतरत नाही. ते पाकीट मी अजून कपाटात ठेवलंय.

तर लावायचं काय? मांजरासाठीच असलेलं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन. दोन्ही आठ आठवड्यांपुढच्या पिल्लांना चालतात, तुमची चार महिन्यांची आहे. आधी वजन करा आणि त्या वजनाचीच ट्यूब घ्या. मानेच्या मागे, जीभ पोचत नाही तिथे, केस फाकवून कातडीवर. केसांवर ओतून उपयोग नाही. फिप्रोनिल लावलंत तर आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत आंघोळ नको. घरात कुत्रा आहे म्हणता, तर त्याचंही औषध त्याच दिवशी, पण परमेथ्रिनचं असेल तर मांजर त्याच्या अंगाला अंग लावून झोपते का ते बघा. झोपत असेल तर कुत्र्याचंही औषध बदला.

घरगुती उपायांबद्दल मी सरळ सांगते: नको. आमच्या सासूबाई वेखंडाची पूड चोळायच्या, शेजारी कापूर आणि कडुनिंबाचं तेल सांगतात, नेटवर टी ट्री ऑइल आणि लसूण. मांजर दिवसभर अंग चाटते. अंगाला लावाल ते सगळं पोटात जाणार. लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, टी ट्रीने झटके येऊ शकतात. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या यांचं तर नावच काढू नका. ठकीच्या प्रकारानंतर सासूबाईंनी वेखंड स्वतःहून बंद केलं, काही न बोलता.

आणि तुम्ही विचारलंय की घरात लहान बाळ आहे, तर मांजर सोडून द्यावी का. सोडून दिलीत तरी पिसवा घरातच राहतील आणि मांजर नाही म्हणून तुम्हाला चावतील. अंगावर दिसतात त्या साधारण पाच टक्के, बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते, ती गुळगुळीत असतात, मांजर झोपते तिथे गळून पडतात. अळ्या अंधाऱ्या फटीत जातात. त्यांना दमट हवा लागते, कोरड्या उन्हात त्या मरतात. आमच्याकडे पावसाळ्यात ऊनच नाही, म्हणून ते गोणपाट मी जाळून टाकलं आणि पडवीतल्या फरशीच्या फटी रोज झाडल्या. तुम्ही मांजराचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, सोफ्याखाली आणि गादीच्या कडेने व्हॅक्यूम फिरवा, पिशवी लगेच घराबाहेर टाका. कोषावर मात्र औषध चालत नाही, आणि आतली पिसू महिनोन् महिने तग धरते. म्हणून पहिल्या डोसनंतरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसतात. लोक इथेच घाबरून दुसरा डोस ओततात. ओतू नका. महिन्याच्या महिन्याला, निदान तीन महिने.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमी, चाटताना गिळलेल्या पिसवेतून आलेले. त्याचं वेगळं औषध घ्यावं लागतं.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. गाभण मांजर, आठ आठवड्यांखालची पिल्लं किंवा आजारी मांजर असेल तर माझं ऐकून काही लावू नका, विचारून लावा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त कमी झालंय, त्याच दिवशी न्या. घरात ससा असेल तर त्याला फिप्रोनिल अजिबात नको, त्याला ते विष आहे.

ट्यूबच्या पाकिटावर मागे काय लिहिलंय ते मात्र आजच बघा, आणि थोडीशी आधीच लावली असेल तर कान फडफडायची वाट न बघता धुवायला घ्या.