यादीत नाव घाल

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र पोचले. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून नोकरी करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची सरत आलेली मुदत, पुढे नोकरीवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी दर वर्षा-दीड वर्षाने वाढणारी पगाराची अट, ऑगस्ट २०२४ च्या इथल्या स्थलांतरितविरोधी दंगलींपासून आईने रोज रात्री फोन करून ‘घरी पोचलीस का’ असे विचारणे, हे सगळे तू लिहिले आहेस आणि त्यातले काहीही फुगवून लिहिलेले नाही, हे मला कळते. पण शेवटच्या पानावर तू सहज म्हणून गेलीस, की पुढच्या वर्षी जिथे आपल्याला राहू देतील की नाही याचाच पत्ता नाही, तिथल्या राजकारणाशी आपले काय देणेघेणे. म्हणून कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेला मतदार नोंदणीचा कागद तू रद्दीच्या नारिंगी पिशवीत टाकून दिलास. बाकीच्या पत्राला मी सवडीने उत्तर दिले असते. या वाक्याला मात्र आजच लिहायला बसलो आहे. मुली, आधी मतदार यादीत नाव घाल. परत जायचे की राहायचे याचा निर्णय त्यानंतर खुशाल वर्षभर घे.

तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीलाही ठाऊक नसेल म्हणून लिहितो. तू भारताची नागरिक आहेस, इथे कायदेशीर परवान्यावर राहतेस आणि अठरा वर्षांच्या वरची आहेस. एवढ्यावर तुला नगरसेवकापासून खासदारापर्यंत प्रत्येक निवडणुकीत मत आहे. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना हा हक्क साम्राज्याच्या काळापासून चालत आला आहे आणि इंग्रजी राज्याने आपल्याकडून जे नेले, त्याच्या बदल्यात फुकट हाती लागलेली बहुधा ही एकच गोष्ट असेल. त्याने तुझ्या भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही आणि व्हिसालाही बाध येत नाही. उलट, इथे कित्येक वर्षे कर भरणाऱ्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. ब्रिटनने युरोपीय संघात राहायचे की नाही यावरच्या २३ जून २०१६ च्या सार्वमतात ज्यांच्या इथल्या वास्तव्याचाच निकाल लागायचा होता, त्यातील बहुतेक युरोपीय लोक घरी बसून होते, आणि आदल्या सप्टेंबरात पुण्याहून शिकायला आलेल्या मुलाला मात्र मत देता येत होते. बाहेर पडण्याच्या बाजूने निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा लागला. आपल्या मुलांपैकी किती जणांनी त्या दिवशी मत दिले, हे मी तेव्हा ओळखीच्या घरांत विचारत फिरलो होतो; ‘आम्हांला असते का?’ हेच उत्तर बहुतेकांकडून मिळाले.

तू राजकारण म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे वेस्टमिन्स्टरमधील हिरवी बाके आणि एकमेकांवर ओरडणारे सदस्य येतात. मला तुझी बस दिसते. इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी तिकिटाला जानेवारी २०२३ मध्ये दोन पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती तीन पौंड झाली. हे दोन्ही निर्णय निवडून आलेल्या माणसांनी घेतले. लंडनबाहेरच्या बससेवा १९८६ पासून खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडल्यामुळे तुझी रात्रीची फेरी बंद होते तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हेच कळत नाही, आणि मँचेस्टरच्या महापौराने हीच व्यवस्था २०२३ पासून पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणायला सुरुवात केली. तुझ्या खोलीच्या भिंतीवरची बुरशी, कारण न सांगता घर खाली करायला लावणारी कलम २१ ची ती नोटीस आणि २०२५ च्या कायद्याने ती बंद करण्याची केलेली तरतूद, हेही सारे त्यातच येते. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने हातातले पैसे संपल्याचे जाहीर केले आणि २०२५ च्या वसंतात सफाई कामगारांच्या संपामुळे त्या शहराच्या फुटपाथांवर काळ्या पिशव्यांचे ढीग साचून उंदीर फिरू लागले. त्या घाणीतून कामावर जाणाऱ्या माणसाला कोणी त्याचा व्हिसा विचारला नव्हता.

मी लेस्टरला आलो तेव्हा इथे होजिअरीचे कारखाने अजून चालू होते आणि इचलकरंजीत यंत्रमागांवर हात बसलेला माझ्यासारखा फिटर इथल्या विणाई यंत्रांवर सहज रुळला. आमच्या खात्यातील निम्मे लोक युगांडातून आलेले गुजराती होते. ऑगस्ट १९७२ मध्ये तिथल्या हुकूमशहा इदी अमीनने त्यांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा याच लेस्टरच्या कौन्सिलने ‘युगांडा आर्गस’ या तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, स्वतःच्या आणि कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका, असे कळवले होते. लोक आलेच. १९७४ मध्ये इंपीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यात त्यांनी बोनस आणि बढतीतील भेदभावाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांच्याकडे पाठ फिरवली. १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या नॅशनल फ्रंट या पक्षाला या शहरात सुमारे १८ टक्के मते पडली, पण जागा एकही मिळाली नाही. त्या निवडणुकीनंतर बेलग्रेव्ह भागातले लोक संध्याकाळी कामावरून आल्यावर घरोघर जाऊन नावनोंदणीचे कागद भरून घेत असत, असे माझ्याबरोबरचे मिस्त्रीकाका सांगत. ज्याला इंग्रजी लिहिता येत नसे, त्याचा कागद शेजाऱ्याचा मुलगा भरत असे. पुढे त्याच लेस्टरला २००८ मध्ये मंजुला सूद यांच्या रूपाने आशियाई वंशाच्या पहिल्या महिला लॉर्ड मेयर मिळाल्या. २०२१ च्या जनगणनेत इथे कोणत्याही एका वंशाचे बहुमत उरलेले नाही. हा पालट आपोआप झाला असे समजणाऱ्या माणसाशी मला वाद घालायचा नाही; त्याने फक्त एकदा यादीत नाव घालावे.

आपल्या लोकांबद्दल मात्र मला आजही बोचते. आमच्या भागातील वाचनालयाची शाखा बंद करायचे ठरले, तेव्हा मी अपक्ष म्हणून नगरसेवकपदासाठी उभे राहायचे ठरवले. त्या काळी उमेदवारी अर्जावर त्याच वॉर्डातील दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत. मला वाटले, दहा सह्यांचे काय, आमच्या घरी कोजागरीला याहून जास्त माणसे मसाला दूध प्यायला येतात. त्या रविवारी काकूने पोहे केले, मी टेबलावर अर्ज आणि मतदार यादीची प्रत ठेवली आणि एकेकाचे नाव यादीत शोधू लागलो. इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले अधिकारी, सगळे स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे, वर्षानुवर्षे कौन्सिल टॅक्स भरणारे. आणि निम्म्यांहून अधिक जणांची नावे यादीत नव्हती. ‘अहो, आपण काय, दोन-तीन वर्षांत परत जाणार,’ असे जो म्हणाला, त्याची मुलगी तेव्हा इथल्या शाळेत बारावीच्या वर्गात होती. उरलेल्या सह्या मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून, एका जमेकन नर्सकडून आणि रोज सकाळी कुत्रा फिरवायला नेणाऱ्या एका आयरिश म्हाताऱ्याकडून घेतल्या. निवडणूक हरलो आणि वाचनालयही बंद झाले. ‘परत जाणार’ म्हणणारा माझा तो मित्र शेवटपर्यंत इथेच राहिला आणि इथेच गेला. त्याच्याबद्दल मला राग नाही, पण त्या रविवारी त्याने सही करता न आल्याची गंमत करून दुसरी बशी भरून घेतली, ते मी अजून विसरलेलो नाही.

मंडळातील लोक मला ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा’ म्हणत, आणि अजूनही म्हणत असतील. त्यांचे म्हणणे असे, की आपण आपले काम करावे, मुले शिकवावीत, गणपती बसवावा, दिवाळीला नाटक करावे आणि साहेबाच्या भानगडीत पडू नये. मी गणपतीही बसवला आणि नाटकातही काम केले. त्यासाठी सभागृह भाड्याने मिळते की नाही, त्याचे भाडे किती आणि बाहेर गाडी लावायला जागा आहे की नाही, हे नगरसेवकच ठरवतात, एवढेच मी त्यांना सांगत असे. यात माझा हट्ट आहे असे काकू म्हणते. असेल. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि जुलै २०२४ मध्ये त्याच लंडनच्या हेंडनमध्ये खासदार पंधरा मतांनी ठरला. हेंडनमध्ये आपली माणसे किती राहतात, हे तुला सांगायला नको. त्याच निवडणुकीत मजूर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या, आणि मतदान जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास झाले. माझा हट्ट मला या आकड्यांपुढे फारसा मोठा वाटत नाही.

तुझ्या भीतीबद्दल लिहिले नाही तर तू म्हणशील, काकांनी तेवढे टाळले. साउथपोर्टमध्ये लहान मुलींची हत्या झाल्यावर खोट्या अफवेवरून मशिदीवर दगड पडले आणि रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. ते पाहून आमचाही जीव धास्तावला होता. त्याच आठवड्यात, ७ ऑगस्टला, वॉल्थमस्टोसारख्या ठिकाणी हजारो सामान्य माणसे दंगलखोरांच्या वाटेत उभी राहिली, तीही इथलीच. त्याआधी २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याच लेस्टरमध्ये, दुबईतल्या एका भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर, हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव रस्त्यावर आले. मोबाइलवरच्या अफवांनी ती आग दूरदूरच्या लोकांनी पेटती ठेवली. त्या घोळक्यांतील दोन्हीकडच्या काही मुलांना मी ओळखत होतो. त्यांना तिकडच्या पुढाऱ्यांची नावे पाठ होती आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचे नाव सांगता येत नव्हते. ज्यांना घोषणा द्यायला वेळ आहे, त्यांना एक अर्ज भरायला वेळ नसतो, याचा मला वीट आला आहे.

आता नियमांविषयी. ग्रॅज्युएट व्हिसा २०२१ मध्ये दोन वर्षांचा म्हणून सुरू झाला. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो दीड वर्षाचा केला जात आहे. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना पतीला, पत्नीला किंवा मुलांना सोबत आणता येत नाही. कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांची अट घालण्याचा मनोदय सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केला. तुझ्या आयुष्याची ही ओढाताण करणारी माणसे निवडणुकीत कोणत्या रस्त्यावर किती मते आहेत ते पाहूनच कोणते दार वाजवायचे ते ठरवतात. यादी हातात घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर मी चाललो आहे आणि ज्या घरासमोर नाव नाही, ते घर ओलांडून पुढे जाताना त्यांना पाहिले आहे. खासदार मतदार नसलेल्यांचेही काम करतो, हे मला मान्य आहे. त्यामुळे तू त्याला पत्र जरूर लिही. पण आधी यादीत नाव घाल.

आणि घातलेस की नीट घाल, कारण हल्ली मतदान केंद्रावर ओळखपत्र पाहतात. मे २०२३ मध्ये हा नियम पहिल्यांदा लागू झाला, तेव्हा मी एका प्राथमिक शाळेच्या सभागृहात मतदान केंद्रावर कारकून म्हणून बसलो होतो. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान चालते. लाकडी आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल, भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरे आणि आमच्या पुढ्यात रकान्यांची यादी. दुपारी एक गुजराती आजी आपल्या नातवाबरोबर आल्या. त्यांचा ज्येष्ठ नागरिकांचा बसपास चालला. नातवाचे विद्यापीठाचे ओळखपत्र चालले नाही, कारण कायद्यातील यादीत ते बसत नाही. ‘पासपोर्ट घेऊन येतो’ म्हणून तो गेला आणि दहा वाजेपर्यंत मी दाराकडे पाहत राहिलो. इंग्लंडभर त्या दिवशी सुमारे १४,००० माणसे अशीच परत गेली आणि पुन्हा आली नाहीत, असे निवडणूक आयोगाने नंतर सांगितले. हा नियम मला अन्यायाचा वाटतो; तरी तू पासपोर्ट पर्समध्ये ठेवूनच जा, भारतीय पासपोर्ट चालतो.

नोंदणीचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत होतो. जन्मतारीख, पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाताशी ठेव. पूर्वी घरातील एकजण सगळ्यांचा कागद भरत असे. २०१४ पासून प्रत्येकाने आपापली नोंदणी करायची असते, म्हणून तुझ्याबरोबर राहणाऱ्या केरळच्या आणि नायजेरियाच्या मुलींनाही शेजारी बसव, त्यांनाही हाच हक्क आहे. जाहिरातवाल्यांना विकल्या जाणाऱ्या खुल्या यादीतून नाव वगळण्याची खूण तिथेच असते, ती कर. यादीत नाव असल्याने बँकेत आणि मोबाइल कंपनीत तुझी पत सुधारते, असे तुझ्या मैत्रिणी सांगतील. ते खरे आहे, आणि त्या लोभाने नाव घातलेस तरी मला चालेल. पासपोर्टवर मधे वडिलांचे नाव आहे ना, मग अर्जातही पूर्ण नाव त्याच स्पेलिंगने लिही. आपल्या मुलींची नावे केंद्रावर जुळत नाहीत, ती बहुतेक वेळा याच घोळामुळे. पत्ता बदललास की पुन्हा नोंदणी करावी लागते आणि मतदानाआधी बारा कामाचे दिवस राहिले की मुदत संपते, म्हणून नवीन खोली घेशील त्याच आठवड्यात हे उरकून टाक. नोंदणी झाल्याचे कौन्सिलचे पत्र आले, की मला कळव. नोकरीच्या अर्जांचा विचार त्यानंतर करू. तुझा बायोडेटा मी वाचला आहे आणि त्यातही दुरुस्त्या पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका