'डेफर्स्ट' डिफॉल्ट का होत नाही, आणि तुमची पुल रिक्वेस्ट का बंद झाली

तुमची तक्रार मला समजली ती अशी. बँकेच्या स्टेटमेंटची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) पॅन्डाज या पायथनच्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत वाचली, ०५-०४-२०२३ चा म्हणजे ५ एप्रिलचा व्यवहार ४ मे झाला. म्हणून तारखा वाचणाऱ्या 'टू_डेटटाइम' फंक्शनमधला 'डेफर्स्ट' (आधी दिवस, मग महिना) हा पर्याय मुळातच 'ट्रू', म्हणजे चालू, करणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारा अशी विनंती) तुम्ही पाठवली आणि ती दोन ओळींचं उत्तर देऊन बंद करण्यात आली. अमेरिकेबाहेरच्यांना कुणी विचारतच नाही का, असा तुमचा सवाल आहे.

राग रास्त आहे. पण मी मेंटेनर, म्हणजे ही लायब्ररी सांभाळणारा, असतो तर मीही ती बंदच केली असती. फक्त चार ओळी जास्त लिहिल्या असत्या.

आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या फाइलमध्ये एक तर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचेच व्यवहार असतील, नाहीतर तुमच्याकडे २.० च्या आधीची आवृत्ती असेल. कारण २.० पासून पहिली तारीख महिना-दिवस अशी वाचली गेली आणि पुढे २५-०४ आलं, तर पॅन्डाज एरर देऊन थांबतं. हे थांबणं आपोआप आलेलं नाही. ते कुणीतरी प्रस्ताव मांडून आणलंय, आणि तुमच्या कामाचं नेमकं तेच आहे.

२.० च्या आधी प्रत्येक तारीख स्वतंत्रपणे वाचली जायची. एकाच कॉलममध्ये १२-०१-२००० आणि १३-०१-२००० एकाखाली एक असतील, तर पहिली १ डिसेंबर व्हायची आणि दुसरी १३ जानेवारी! तेरावा महिना नसतो म्हणून दुसरीपुरता अर्थ उलटायचा. एक इशारा यायचा, पण इशारे वाचतो कोण? सप्टेंबर २०२२ मध्ये यावर पीडीईपी-४ हा प्रस्ताव आला. पीडीईपी म्हणजे पॅन्डाजमधल्या मोठ्या बदलांसाठी लिहायचं टिपण. ते मुद्दाम शोधून वाचा, फार मोठं नाही. त्यात तारीख लिहायची कुणाची पद्धत बरोबर, या वादात कुणी पडलेलंच नाही. म्हणणं एवढंच, की एका कॉलमला एकच साचा असावा, तो पहिल्या भरलेल्या तारखेवरून ओळखावा आणि पुढची एखादी त्यात बसली नाही तर थांबावं. सुरुवातीलाच चुकीचं आउटपुट जसंच्या तसं दाखवलंय, आणि या प्रस्तावात काय करणार नाही हेही वेगळं लिहिलंय. एप्रिल २०२३ मध्ये २.० बरोबर हा बदल आला.

आता तुमचा बदल त्याच्या शेजारी ठेवून बघा. ओहायोतल्या एखाद्या विमा कंपनीत चार वर्षं बिनबोभाट चालणारी स्क्रिप्ट आहे. तिथे ०५-०४ म्हणजे ४ मे. उद्या त्यांनी आवृत्ती वाढवली की ते ५ एप्रिल होणार. फाइलमध्ये पुढे ०५-१३ असेल तर निदान एरर येईल, पण नसेल तर गुपचूप चुकीचे आकडे पुढे जातील. म्हणजे तुम्हाला झालेलाच त्रास तुम्ही त्यांच्याकडे सरकवलात. तो माणूस चर्चेत येऊन भांडणार नाही, कारण असली चर्चा चालू आहे हेच त्याला माहीत नसतं. त्याच्या वतीने विचार करायचं काम मेंटेनरवर पडतं, आणि त्यातले बरेच जण नोकरी सांभाळून हे करतात.

एखादं फंक्शन काढून टाकणं त्या मानाने सोपं असतं. डेटाफ्रेमचं, म्हणजे पॅन्डाजमधल्या तक्त्याचं, ओळी जोडणारं 'अपेंड' घ्या: जानेवारी २०२२ च्या १.४ मध्ये इशारा सुरू झाला, २.० मध्ये ते गेलं. लोक चिडले, पण कोड मोडला तो आवाज करून मोडला, आणि 'कॉन्कॅट' वापरा हे सांगता आलं. अर्थच बदलणाऱ्या डिफॉल्टला अशी पायरी देता येत नाही. इशारा द्यायचा तर सगळ्यांनाच द्यावा लागेल, ज्यांचं बरोबर चाललंय त्यांनासुद्धा.

मीही हे सरळ मार्गाने शिकलो नाही. एका छोट्या लायब्ररीत माझं सात ओळींचं काम होतं, पण एडिटरने फाइल सेव्ह करताना सगळं फॉरमॅटिंग बदललं आणि चारशे ओळींचा डिफ (काय बदललं त्याची यादी) गेला. मेंटेनरने एकच विचारलं, "यातलं तुझं कुठलं?" मला तेव्हा ते खवचट वाटलं होतं. आज कुणी मला तसा डिफ पाठवला तर मीही तेच विचारतो.

तुम्ही आता नवी रिक्वेस्ट पाठवू नका, इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा. त्याआधी 'डेफर्स्ट' शब्दाने जुने, बंद झालेले इश्यूही चाळा, कारण हा विषय काढणारे तुम्ही पहिले नाही. इश्यूत तीन-चार तारखांचा कोड, आलेलं आउटपुट, हवं असलेलं आउटपुट आणि आवृत्ती एवढंच द्या. बँकेची खरी फाइल चिकटवू नका, हे सांगायला लागू नये, पण लोक चिकटवतात. मागणीही छोटी ठेवा. कॉलममधली प्रत्येक तारीख दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल तर इशारा मिळावा, असं मांडता येईल. त्यावर "फार गोंगाट होईल" असा आक्षेप येणार हे धरून चाला, आणि तो येण्याआधीच त्याचं उत्तर लिहून ठेवा. तेही मान्य झालं नाही, तर डॉक्युमेंटेशनमध्ये दिवस-महिना पद्धतीचं एक ठळक उदाहरण टाकायची तयारी दाखवा. असला बदल तपासायला कमी वेळ लागतो, आणि त्या निमित्ताने तिथली माणसं तुम्हाला ओळखू लागतात.

बँकेच्या फाइलसाठी मात्र कुणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही. 'डेफर्स्ट' काटेकोर नाही, तो फक्त कल सांगतो, असं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. त्यापेक्षा 'फॉरमॅट'मध्ये दिवस, महिना, वर्ष असा साचा स्वतः द्या. एखादी ओळ त्यात बसली नाही तर तिथेच कळेल. 'मिक्स्ड' देऊन मोकळे होऊ नका, नाहीतर प्रत्येक तारीख पुन्हा सुटी वाचली जाईल.

इश्यूचा मसुदा झाला की इथे टाका, वाचून सांगतो.