आघात, सल आणि पाठराखण

प्रश्न असा : बालगृहातून 18 व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी पत्रक काढायचं आहे, ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड मेंटॉरिंग’ला ‘आघात-माहितीपूर्ण मार्गदर्शन’ चालेल का?

चालणार नाही. माहितीपूर्ण असतो लेख, फार तर रेल्वेचं वेळापत्रक. समोरच्या पोरावर काय गुजरलं असेल याचं भान ठेवून वागणं, एवढाच इथे अर्थ आहे. ‘आघातसजग’ छापा. ‘ट्रॉमा’ तसाच ठेवू मात्र नका. हल्ली पेपर अवघड गेला तरी ‘ट्रॉमा’, आवडती मालिका बंद पडली तरी ‘ट्रॉमा’! हायवेवर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ची पाटी रोज वाचणाऱ्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जखम.

तरी ‘आघात’ मला पुरता पटत नाही. आघात होतो आणि होऊन जातो. अमेरिकेतल्या सॅम्सा या सरकारी संस्थेने 2014 मध्ये या कामाची मांडणी केली, तिच्यात घटना, तिचा अनुभव आणि मागे उरणारे परिणाम या तिन्ही गोष्टी धरल्या आहेत. जे मागे उरतं त्याला मराठीत नेमका शब्द आहे : सल.

सल म्हणजे मूळचं शल्य, अंगात रुतून राहिलेलं बाणाचं टोक. संस्कृत शल्य, प्राकृत सल्ल, मराठी सल. ‘सल हा सळचाच शहरी उच्चार’ असं ठासून सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांनी काल आणि काळ हे दोन शब्द शेजारी मांडून पाहावेत. संस्कृतातल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो : फल-फळ, काल-काळ. ‘ल्य’चा मात्र ‘ल’ उरतो : मूल्य-मोल, कल्य-काल. शल्य-सल याच रांगेतलं. यावर कोणी विचारेल, मग ‘साल’ का झालं नाही? हिंदीत ‘सालना’ आहेच की. माझा तर्क असा, की आपल्याकडे नामापेक्षा ‘सलणे’ हे क्रियापद अधिक वापरात राहिलं आणि त्यातला आखूड ‘अ’ नामातही टिकला. नाही पटला तर सोडून द्या. आणि ‘ती सल’ लिहू नका हो, कानाला खुपतं. ‘तो सल’.

खरी गंमत सुश्रुतात आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात 101 यंत्रांचा विषय काढताना तो शल्य म्हणजे काय ते सांगतो : ‘मनःशरीराबाधकराणि शल्यानि’. मनाला आणि शरीराला पीडा देतात ती शल्यं. आधी मन! ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ ही पाटी लावताना आपण त्यातलं शरीर तेवढं ठेवलं.

शल्य उपसून काढणं हे जाणत्याचं, म्हणजे मानसोपचार करणाऱ्याचं काम. स्वयंसेवकाने त्यात हात घालू नये, खपली तर मुळीच काढू नये. दार आपटलं की पोरगं दचकतं, तुम्ही भेटीची वेळ चुकवलीत की पुढच्या खेपेला तोंड उघडत नाही, तेव्हा ‘उद्धट आहे’ म्हणण्याआधी काहीतरी सलत असेल हे ओळखावं. बोललेल्या वेळेला यावं. कुठे बसायचं, काय बोलायचं, हे त्यालाच ठरवू द्यावं.

राहिलं ‘मार्गदर्शन’. त्यात आपल्याला रस्ता ठाऊक असल्याचा तोरा आहे. ‘पाठराखण’ म्हणा की! आरोप झालेल्या मंत्र्यांची पाठराखण करकरून वर्तमानपत्रांनी हा शब्द पार नासवला. मूळची पाठराखीण नव्या नवरीबरोबर सासरी जायची, परक्या घरात पोरीला आपलं माणूस असावं म्हणून. संसार कसा करायचा हे शिकवणं तिच्याकडे नव्हतंच. संस्थेचं फाटक ओलांडून भाड्याच्या खोलीत पहिली रात्र काढणाऱ्या मुलाला याहून वेगळं काय हवं असतं?

तुमच्या मसुद्यात ‘बालगुन्हेगार’ आणि ‘बिघडलेली मुलं’ असंही आहे. ते आधी खोडा. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्येच तत्त्व घालून दिलं आहे, की मुलांविषयीच्या कामकाजात दोषारोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. सरकारी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ उच्चारताना माझीही जीभ अडखळते, पण त्या शब्दाने पोरावर शिक्का बसत नाही.