ब्रिटिश टीव्हीवरची बातम्यांची टवाळी अमेरिकन माणसाला कळते का?

तुमचा प्रश्न असा, की 'डेली शो' आणि जॉन ऑलिव्हर असे बातम्यांची खिल्ली उडवणारे अमेरिकन कार्यक्रम बघत मोठ्या झालेल्या माणसापुढे ब्रिटिश पद्धतीची बातम्यांची टवाळी ठेवली तर त्याला ती कळते का, आणि अडतंच तर नेमकं कुठे. याचं प्रात्यक्षिक आमच्या घरी दर शुक्रवारी रात्री नऊ वाजता होत असे, म्हणून सांगतो.

मी मूळचा चिपळूणचा, गेली वीसेक वर्षं लंडनच्या कडेला हॅरोत. मुलीने लग्न केलं ते ओहायोतल्या कोलंबसच्या मुलाशी. आमची ही त्याला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणते. ते आपलं काहीतरी अधिकृत पद आहे अशी त्याची बरेच दिवस समजूत होती. २०२२ च्या ऑक्टोबरात दोघं आमच्याकडे राहायला होती आणि इथे तेव्हा भलताच तमाशा चालला होता. पंतप्रधान लिझ ट्रस यांची खुर्ची आधी जाते, की 'डेली स्टार' या पेपरने कॅमेऱ्यापुढे मांडून ठेवलेला लेट्यूसचा गड्डा आधी सडतो, हे सगळा देश बघत बसला होता. गड्डा जिंकला. बाईंनी २० तारखेला, कारभाराच्या पंचेचाळिसाव्या दिवशी, राजीनामा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. म्हटलं जावईबापू, बसा, आता इथली गंमत बघा.

कार्यक्रम म्हणजे बीबीसीवरचा 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू'. १९९० पासून चालू आहे. वरवर पाहिलं तर आठवड्याच्या बातम्यांवरची प्रश्नमंजूषा. दोन टेबलं. एका टेबलाचा कप्तान इयन हिस्लॉप, हा 'प्रायव्हेट आय' या टवाळखोर पाक्षिकाचा १९८६ पासूनचा संपादक. दुसरीकडे पॉल मर्टन. याला बातम्यांशी फारसं देणंघेणं नाही, मध्येच कुठून तरी भलतीच कल्पना काढतो आणि ती ताणत नेतो. दोघांच्या शेजारी एकेक पाहुणा, मध्ये सूत्रसंचालक. शेवटच्या फेरीत मथळ्यांतले गाळलेले शब्द भरायचे, आणि त्यातले काही मथळे कुठल्यातरी चमत्कारिक छंदाच्या किंवा धंद्याच्या मासिकातून उचललेले.

जावईबापूंनी वीज बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर दोन रकाने आखले आणि गुण मांडायला घेतले. पंधरा मिनिटांत त्यांचा हिशेब बिघडला. शेवटी निकाल जाहीर झाला तेव्हा त्यांचे आकडे आणि टीव्हीचे आकडे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. "बाबा, गुण कशाचे देतात?" मी इतकी वर्षं बघतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गुण कशाचेच देत नाहीत! कोण जिंकलं याची घरात कुणाला आठवणही राहत नाही. विनोद त्याला कळत होते. भाषा तीच, ट्रसबाई ठाऊक, लेट्यूस तर त्याला आमच्याआधी कळलं होतं. पण आपण कुणाच्या बाजूने बसायचं, हेच त्याला सापडेना.

अडतं ते इथे. अमेरिकेत हा प्रकार एका माणसाचा असतो. कार्यक्रमाच्या नावातच त्याचं नाव. तो तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. ऑलिव्हरसाहेबांचा कार्यक्रम तर मला सरळ कीर्तन वाटतो. आधी हलकाफुलका पूर्वरंग, मग एकच विषय धरून वीस मिनिटं निरूपण, मध्ये दृष्टान्त, शेवटी बोध आणि 'तर मंडळी, आपण आता हे करू या'. ऐकणारा उठतो तो थोडा रागावून आणि थोडा शहाणा होऊन. (ऑलिव्हर मूळचा बर्मिंगहॅमकडचा इंग्रज. पण कीर्तन त्याला तिकडे जाऊनच सापडलं.)

इथे बुवाच नाही. होता, अँगस डेटन नावाचा, बारा वर्षं. २००२ मध्ये त्याच्या खासगी भानगडी पेपरांनी पहिल्या पानावर छापल्या. पुढच्या भागात मर्टन ते पहिलं पान छापलेला टीशर्ट घालून आला आणि दोन्ही कप्तानांनी स्वतःच्याच सूत्रसंचालकाला अर्धा तास सोलून काढलं. तो कसनुसं हसत बसून राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याची नोकरी गेली. तेव्हापासून त्या खुर्चीवर दर आठवड्याला नवा माणूस. कार्यक्रमाचं काही बिघडलं नाही. हे सांगितल्यावर जावईबापू म्हणाले, "आमच्याकडे अशा माणसाला निरोपाचा खास भाग दिला असता."

मी त्यांना शिमगा समजावून सांगितला. कोकणात होळीभोवती गावातल्या भल्याभल्यांच्या नावाने बोंब मारतात. ज्याच्या नावाने बोंब तोही तिथे हजर असतो, आणि त्याने हसायचं असतं. चिडला तर अजून मारतात. इथेही तसंच. टवाळी अपरोक्ष नाही, खासदार प्रत्यक्ष पाहुणा म्हणून येऊन बसतो आणि तोंडावर ऐकून घेतो. न येण्याची शिक्षा त्याहून वाईट. १९९३ मध्ये मजूर पक्षाचे बडे पुढारी रॉय हॅटर्सली यांनी ऐन वेळी नकार कळवला, तोही तिसऱ्यांदा. कार्यक्रमवाल्यांनी त्यांच्या खुर्चीपुढे डुकराच्या चरबीचा डबा मांडला आणि त्याची 'सन्माननीय खासदार' अशी ओळख करून दिली. आपल्याकडे समजा, मंत्रिमहोदय आले नाहीत म्हणून त्यांच्या जागी डालड्याचा डबा ठेवला, आणि वर तो डबा असलेला संघ जिंकलाही! हा किस्सा जावईबापूंना तत्काळ पटला. डब्याच्या बाजूने बसता येतं, म्हणाले.

मग त्यांचं लक्ष एका शब्दाकडे गेलं. सगळे जण काहीतरी जहरी बोलतात आणि शेवटी 'अलेजेडली' ('असा आरोप आहे') असं पुटपुटतात, की लोक फिस्सकन हसतात. यात हसण्यासारखं काय?

हे समजायला कोर्टात जावं लागतं. अमेरिकेत १९६४ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन' खटल्यापासून सरकारी पदावरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकणं महाकठीण. समोरच्याने खोटं आहे हे जाणूनबुजून, किंवा खऱ्याखोट्याची फिकीरच न करता लिहिलं, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. इंग्लंडात उलट. दावा लावणारा आरामात बसतो, आणि आपण बोललो ते खरं आहे हे बोलणाऱ्याने सिद्ध करायचं. हिस्लॉपने हे अंगावर घेतलंय. १९८९ मध्ये पीटर सटक्लिफ या खुन्याच्या बायकोने 'प्रायव्हेट आय'वर दावा लावला आणि ज्यूरीने तिला ६ लाख पौंड देवविले. कोर्टाच्या पायऱ्यांवर हिस्लॉप म्हणाला, हा न्याय असेल तर मी केळं आहे. अपिलानंतर रक्कम ६० हजारांवर आली. असा माणूस टीव्हीवर बसून मंत्र्यांबद्दल बोलतो, तेव्हा प्रेक्षकाला ठाऊक असतं की पडद्यामागे वकील घाम पुसतोय. 'अलेजेडली' म्हणजे त्या वकिलाला मारलेला डोळा. कायद्याने त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि गंमत आहे ती तिथेच.

इंग्रजीत हे सांगताना माझी दमछाक झाली. मग सुचलं की याला मराठीत नेमका शब्द आहे. पेपरातला 'कथित' नव्हे; तो कोरडा. घरातला, ओट्याजवळचा शब्द: 'म्हणे'. त्याने पैसे खाल्ले, म्हणे. मी काही पाहिलं नाही, मी कुठे काय म्हणतोय, लोक बोलतात बाई, आणि तरी मला शंभर टक्के खात्री आहे, हे सगळं त्या दोन अक्षरांत येतं. जावईबापूंनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने विचारलं पोहे कसे झालेत, तर "छान झालेत. म्हणे." ही अजून ते विसरलेली नाही.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टींनी मात्र त्यांना धक्का बसला. संसदेतल्या कामकाजाचं चित्रीकरण इथे टवाळीसाठी वापरता येत नाही. २०११ मध्ये 'डेली शो'चा एक अख्खा भाग ब्रिटनमध्ये दाखवला गेला नाही, कारण त्यात हाउस ऑफ कॉमन्सचं दृश्य होतं. ऑलिव्हरने तर एकदा अशाच दृश्याच्या जागी ब्रिटिश प्रेक्षकांसाठी गिल्बर्ट गॉटफ्रीड या विनोदी नटाला बसवून चिरक्या आवाजात हॉटेलांचे वगैरे तीन तारेवाले अभिप्राय वाचून घेतले. दुसरी गोष्ट निवडणुकीची. मे २०१९ मध्ये युरोपीय निवडणुकांच्या तोंडावर एका छोट्या पक्षाच्या नेत्या हायडी ॲलन पाहुण्या होत्या, तर बीबीसीने तो तयार भाग ऐन वेळी मागे घेतला. टवाळी करा, पण सगळ्या पक्षांची मापात. जावईबापूंच्या देशात विनोदी माणसावर असं बंधन घालायला तेव्हा तरी कुणी धजलं नसतं. हा मुद्दा मी त्यांना देऊन टाकला.

दुसरा मुद्दा द्यायला मला वेळ लागला. मी मोठ्या कौतुकाने बोरिस जॉन्सनची गोष्ट सांगत होतो. १९९८ मध्ये हा पत्रकार पहिल्यांदा पाहुणा म्हणून आला. हिस्लॉपने त्याला जुन्या टेपबद्दल छेडलं. डेरियस गप्पी या मित्राला एका बातमीदाराला चोप द्यायचा होता आणि त्याने जॉन्सनकडे त्याचा पत्ता मागितला होता, ते फोनवरचं बोलणं टेप झालेलं. जॉन्सन गडबडला, तोंडातल्या तोंडात बोलला, केस विस्कटले, लोक हसून लोळले. पुढे त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. सूत्रसंचालक केलं, त्याबद्दल बाफ्टा या ब्रिटिश टीव्ही पुरस्काराचं नामांकनही मिळालं. २००८ ला लंडनचा महापौर, २०१९ ला पंतप्रधान.

जावईबापू हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे प्रश्न खरा होता, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते केस?"

मी उलट टोला हाणला. २०१५ च्या नोव्हेंबरात ट्रम्प उमेदवार असताना 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाने त्यांना यजमान केलं, पुढच्या वर्षी जिमी फॅलनने आपल्या गप्पांच्या कार्यक्रमात त्यांच्या केसांतून लाडाने हात फिरवला, ते काय होतं? यावर तो चहा ठेवायला उठला. वाद बरोबरीत सुटला असं मी तेव्हा धरलं. पण नंतर ते केसांचं वाक्य मला सलत राहिलं. शिमग्याची ही बाजू मी त्याला सांगितलीच नव्हती. रात्री ज्याच्या नावाने बोंब मारली, तो खोत सकाळी खोतच असतो. उलट रात्री आपल्यात बसून हसला म्हणून माणूस बरा वाटायला लागतो. कीर्तनकाराच्या समोर खोताला अशी हसून सुटायची सोय नसते.

तरी मला बसायला शिमग्यातच आवडतं. कीर्तनाचे तीन भाग सलग पाहिले की मला वाटायला लागतं, आपण सगळे शहाणे एका बाजूला आणि जग मूर्ख. इथल्या टेबलावर तसं वाटायची सोय नाही. तुम्हाला नवीन अमेरिकन प्रेक्षक तयार करायचा असेल तर मात्र प्रश्नमंजूषेपासून सुरुवात करू नका, आधी 'ब्रास आय' दाखवा. १९९७ चा, क्रिस मॉरिसचा, टीव्हीवरच्या गंभीर बातमीपत्रांची नक्कल करणारा. त्यात 'केक' नावाचं अस्तित्वातच नसलेलं मादक द्रव्य काढून नामवंतांकडून कॅमेऱ्यापुढे त्याचा गंभीर निषेध वदवून घेतलाय, आणि एका खासदाराने तर त्यावर संसदेत प्रश्नही टाकला. जावईबापू त्याला अक्षरशः डोळे पुसत हसले. तिथे कोण फसतंय आणि कोण फसवतंय हे स्पष्ट असतं.

२०२४ च्या सप्टेंबरात सीएनएनने याच कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ती सुरू केली. रॉय वूड ज्युनिअर मध्ये, अंबर रफिन आणि मायकेल इयन ब्लॅक कप्तान. आम्ही तेव्हा नेमके कोलंबसला, व्याह्यांकडे. शनिवारी रात्री सगळे टीव्हीपुढे बसलो. सूत्रसंचालक कायमचा, मध्ये जाहिराती, पण टेबलं तीच. व्याही अगदी सावरून बसले होते, बेसबॉल बघतात तसे. संपल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "मग जिंकलं कोण?"

जावईबापूंनी चेहरा जराही न हलवता उजवीकडच्या टेबलाचं नाव घेतलं, आणि शेवटी जोडलं, "म्हणे."

आम्ही तिघं फुटलो. व्याही एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत विचारत राहिले की तो शेवटी काय म्हणाला.